चाकाच्या दातांवर चालणारं रेडिओ केंद्र: स्वीडनचं ग्रिमेटन

रेडिओ ट्रान्समीटर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सर्किट बोर्ड, ट्रान्झिस्टर, फार तर जुने व्हॅक्यूम ट्यूब येतात. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर वारबर्ग शहराजवळ ग्रिमेटन नावाच्या गावात एक ट्रान्समीटर आहे, त्यात यातलं काहीच लहर तयार करत नाही. तिथे एक भलं मोठं पोलादी चाक गरागरा फिरतं आणि त्यातूनच रेडिओ लहर निघते. शंभर वर्षं झाली, यंत्र अजून चालतं.

हे बांधायची वेळ का आली? पहिलं महायुद्ध सुरू झाल्याबरोबर, ऑगस्ट 1914 मध्ये, ब्रिटिशांनी जर्मनीच्या समुद्राखालच्या टेलिग्राफ केबल तोडल्या. स्वीडन तटस्थ होतं, पण त्याचे अमेरिकेला जाणारे निरोपही दुसऱ्यांच्या केबलमधूनच जायचे. लाखो स्वीडिश माणसं अमेरिकेत स्थायिक झालेली, व्यापार तिकडे, आणि तार मात्र परक्याच्या हातात! (आजचं इंटरनेटही बरंचसं समुद्राखालच्या केबलवरच चालतं, त्यामुळे ही काळजी जुनी झाली असं समजू नका.) म्हणून युद्धानंतर स्वीडनने स्वतःचं बिनतारी केंद्र बांधायला घेतलं. 1924 च्या अखेरीस काम सुरू झालं आणि 2 जुलै 1925 रोजी राजा पाचवा गुस्ताव्ह याने त्याचं रीतसर उद्घाटन केलं. समोर, अमेरिकेत, लाँग आयलंडवर तसंच यंत्र होतं.

यंत्राचे जनक अर्न्स्ट अलेक्झांडरसन, मूळचे स्वीडनचेच, पण नोकरीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये. त्यांची कल्पना ऐकायला सोपी आहे. आपल्या घरात येणारी 50 हर्ट्झची वीज जनरेटर फिरवून तयार होते. मग जनरेटर इतका जोरात फिरवला की थेट रेडिओची फ्रिक्वेन्सी मिळाली तर?

नुसता वेग वाढवून हे जमत नाही, चाकाच्या चिंधड्या होतील. म्हणून त्यांनी चाकाच्या कडेला 488 खाचा पाडल्या. चाकावर वायंडिंग नाहीच. वायंडिंग सगळं बाजूच्या स्थिर भागात. चाकाचा एक दात समोरून गेला की चुंबकीय प्रवाह वाढतो, खाच आली की कमी होतो, आणि एक सायकल पूर्ण. चाक मिनिटाला 2115 फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला 35.25. त्याला 488 ने गुणा: 17,202. म्हणजे 17.2 किलोहर्ट्झ! मी पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा कॅल्क्युलेटरवर पुन्हा तपासला. फ्रिक्वेन्सी हा शब्द मी कॉलेजात चार वर्षं वापरला, पण ती अशी दात मोजून काढता येते हे तेव्हा कोणी दाखवलं नव्हतं.

चाकाचा व्यास साधारण 1.6 मीटर. म्हणजे कडेचा वेग ताशी सुमारे 640 किलोमीटर. या वेगाला खाचांमध्ये हवा अडकून प्रचंड विरोध झाला असता, म्हणून त्या बिनचुंबकी धातूने भरून कडा गुळगुळीत केली आहे.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. मिक्सरमध्ये खोबरं टाकलं की त्याचा आवाज कसा बदलतो? इथेही मोर्सची कळ दाबली की भार वाढतो आणि चाक मंदावू पाहतं. वेग अर्धा टक्का जरी घसरला तरी फ्रिक्वेन्सी 86 हर्ट्झने सरकते, आणि अँटेना तर एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवलेला. त्यामुळे कळेबरोबर मोटरचा जोरही लगेच कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवावी लागली.

अँटेनाची गोष्ट याहून अवघड. या लहरीची लांबी सुमारे साडेसतरा किलोमीटर. पाठ्यपुस्तकातला पाव लांबीचा अँटेना हवा असेल तर चार किलोमीटरहून उंच मनोरा लागेल. ग्रिमेटनला 127 मीटरचे सहा मनोरे आहेत, त्यांवरून दोनएक किलोमीटर तारा गेल्या आहेत, आणि प्रत्येक मनोऱ्यापाशी एक तार वेगळ्या कॉइलमधून जमिनीत उतरते. प्रवाह सहा वाटांनी विभागला की जमिनीत वाया जाणारी शक्ती बरीच घटते. तरीही 200 किलोवॅटमधला थोडाच भाग लहर बनून बाहेर पडतो.

एवढं करून यंत्र जुनं व्हायला फार वेळ लागला नाही. शॉर्टवेव्हने कमी विजेत, लहान अँटेनावर जग जोडलं. 1927 मध्ये सुरू झालेल्या इंग्लंड-भारत बीम सेवेचं प्रक्षेपण केंद्र आपल्या खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. तेही शॉर्टवेव्हच. ग्रिमेटन मात्र वाचलं, कारण इतकी कमी फ्रिक्वेन्सी समुद्राच्या पाण्यात काही मीटर आत शिरते, शॉर्टवेव्ह शिरत नाही. पाणबुड्यांना निरोप द्यायला हे यंत्र कामी आलं. 2004 साली युनेस्कोने या केंद्राला जागतिक वारसा यादीत घेतलं.

आता आपल्या कामाची गोष्ट. लॅपटॉपचं साउंड कार्ड सेकंदाला 44,100 नमुने घेतं, म्हणजे 22 किलोहर्ट्झपर्यंतचा सिग्नल पकडू शकतं. 17.2 त्यात आरामात बसतं! युरोपातले हौशी लोक माइकच्या जागी तारेची कॉइल जोडून, बाकी सगळं सॉफ्टवेअरवर सोडून हे केंद्र ऐकतात. (चार्जर काढून ठेवा, त्याचा गोंगाट सगळं गिळतो.) आपण फार लांब आहोत, तेव्हा ब्राउझरमध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडा. चाक वर्षातून मोजक्याच वेळा फिरतं: जुलैच्या सुरुवातीला अलेक्झांडरसन दिनाच्या सुमारास आणि 24 डिसेंबरला, सहसा तिथल्या सकाळी, म्हणजे आपल्या दुपारी. नक्की वेळ आधी जाहीर होते. मोड सीडब्ल्यू ठेवा आणि 17.2 वर थांबा. निरोपाआधी तीन टिंबं आणि एक डॅश, असं पुन्हा पुन्हा येत राहतं, मग केंद्राचं नाव: एस, ए, क्यू.