कंथा : वस्त्र आणि संहिता

संस्कृत ‘कन्था’ हा शब्द मराठीत ‘कंथा’ या रूपाने रूढ झाला, तो मुख्यत्वे जोगी-संन्याशाच्या ठिगळांच्या वस्त्राचा अर्थ घेऊन. घरातील पांघरुणाला मराठीने ‘गोधडी’, ‘वाकळ’ म्हटले. बंगालीत मात्र ‘काँथा’ गृहस्थाच्या घरातच नांदली.

जीर्ण साड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून ती साध्या धावदोऱ्याने शिवली जाते. रंगीत दोरा पूर्वी बहुधा जुन्या साडीच्या काठातूनच काढीत. थंडीत पांघरावयाची ‘लेप’, मंगलप्रसंगी अंथरावयाची ‘सुजनी’, पोथी वा मौल्यवान वस्तू गुंडाळावयाची ‘बायतन’ असे तिचे प्रकार आहेत. नित्य आणि नैमित्तिक यांतील भेद येथे द्रव्याचा नसून प्रयोजनाचा आहे.

गुरुसदय दत्त यांच्या संग्रहातील मानदासुंदरीची एकोणिसाव्या शतकातील कंथा तिने आपल्या पित्याला अर्पण केली. ती अर्पणपत्रिकाही सुईनेच लिहिलेली आहे. जसीमउद्दीन यांच्या ‘नक्षी काँथार माठ’ (१९२९) या काव्यात विरहिणी साजू स्वतःची जीवनकथा कंथेवर भरते आणि ती आपल्या कबरीवर पसरावी, अशी इच्छा व्यक्त करते.

साजूला कवी लाभला; मानदासुंदरीने स्वतःचे नाव राखले. उरलेल्या असंख्य कंथा ‘लोककला’ या सदराखाली अनामिकच राहिल्या. साहित्येतिहासाचा आरंभ केवळ शाईपासून मानला, तर त्यांचे कर्तृत्व आपणच दुसऱ्यांदा पुसून टाकतो.