मूळव्याधीवरील वनस्पतिज जेलांची परीक्षा

मूळव्याधीवर वनस्पतींचे लेप योजण्याची चाल आपल्याकडे प्राचीन आहे. सुरणास संस्कृतात ‘अर्शोघ्न’ हे नाव पडले ते उगाच नव्हे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात या व्याधीवर भेषज, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले असून, त्यांपैकी भेषज हा उपाय नुकत्याच उद्भवलेल्या व सौम्य विकारापुरताच योजिला आहे. वनस्पतिज जेलाची परीक्षा करू इच्छिणाऱ्या संशोधकानेही हा विवेक प्रथमपासून बाळगावयास हवा.

प्रयोगशाळेतील काम सर्वांच्या परिचयाचे आहे. कोरफडीचा गर, हॅमामेलिसच्या सालीतील टॅनिन किंवा हॉर्स चेस्टनटच्या बियांतील एस्सिन घ्यावयाचे, ते कार्बोपोलसारख्या आधारद्रव्यात मिसळावयाचे, आणि मिश्रणाचा पीएच, श्यानता व पसरण्याची क्षमता मोजावयाची. पुढे ४० अंश सेल्सिअस तापमान व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ते सहा महिने टिकते की नाही, हे पाहावयाचे. येथे एकच गोष्ट विशेष जपावी लागते : अर्काचे प्रमाणीकरण. नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार वनस्पतिज औषधाच्या शुद्धीकृत अंशात किमान चार घटकांचे मापन आवश्यक ठरले आहे. ते नसेल तर आजचे जेल आणि पुढील हंगामातील जेल यांस एकच औषध म्हणता येणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. प्राण्यांवरील रूढ पद्धतीत उंदराच्या गुदद्वारात क्रोटन तेल, म्हणजे आपल्या जमालगोट्याचे तेल, घातलेले मिश्रण लावतात. काही तासांत तेथे तीव्र सूज येते. मग गुदभागाच्या ऊतीच्या वजनाचे शरीराच्या वजनाशी गुणोत्तर काढून, तसेच इव्हान्स ब्लू या रंगद्रव्याच्या पाझरावरून, औषधाचा गुण ठरवितात. ही पद्धत सुटसुटीत आहे, परंतु तीत मोजला जातो तो दाह. मनुष्याची मूळव्याध ही निव्वळ दाहाची व्याधी नव्हे. गुदमार्गात रक्तवाहिन्यांच्या गाद्या सर्वांनाच असतात. त्यांचे आधारतंतू सैल होऊन त्या खाली घसरू लागल्या की व्याधी उत्पन्न होते, हे टॉमसन यांनी १९७५ मध्ये प्रतिपादिले व ते आता बहुमान्य झाले आहे. तेव्हा उंदरावर यशस्वी ठरलेले जेल दाहशामक आहे, एवढेच सिद्ध होते.

म्हणून अंतिम परीक्षा रुग्णांवरच व्हावयास हवी, आणि तेथे फसगतीच्या जागा पुष्कळ आहेत. या व्याधीची लक्षणे आपोआप चढतात व उतरतात. रुग्ण येतो तो त्रास कळसास पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही लावले तरी बहुधा उतार पडतोच. शिवाय आधारद्रव्य स्वतःच ओलावा व स्निग्धता देते. यास्तव तुलनेच्या गटास केवळ ‘उपचार नाही’ असे ठेवणे निरर्थक होय. त्यास अर्कविरहित, परंतु त्याच रंगाचे व वासाचे जेल द्यावे, आणि कोणास काय दिले हे रुग्णास व वैद्यास दोघांसही ठाऊक नसावे. आहाराचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. २००५ च्या कॉक्रेन समालोचनात ७ परीक्षणांतील ३७८ रुग्णांचा विचार असून, तंतुमय पदार्थांच्या सेवनाने रक्तस्रावाचा संभव सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. एका गटास जेलाबरोबर इसबगोल दिले व दुसऱ्यास दिले नाही, तर श्रेय जेलास मिळेल आणि काम इसबगोलाने केलेले असेल!

रक्तस्राव दंतुर रेषेच्या वरील आंतरिक गाद्यांतून होतो. खाज व वेदना प्रायः खालच्या त्वचेत जाणवतात. बोटाने बाहेर लावलेले जेल वरपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे नळीने आत सोडण्याची सोय आहे की नाही, हे परीक्षणाच्या आराखड्यात आधी नमूद असावे. पहिल्या व दुसऱ्या श्रेणीचेच रुग्ण निवडावेत. चौथ्या श्रेणीत बाहेर आलेली गादी लेपाने आत बसत नाही. दररोजच्या रक्तस्रावाची नोंद रुग्णाने स्वतः ठेवावी व औषध थांबविल्यावरही काही आठवडे ती चालू राहावी. भारतीय चिकित्सा-परीक्षण नोंदणीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नाव दाखल करणे २००९ पासून अनिवार्य आहे. निकाल पाहून मग निकष ठरविण्यास त्याने पुष्कळ आळा बसतो.

एक गोष्ट मात्र निकषांच्याही आधीची आहे. गुदमार्गे रक्त जाते ते दर वेळी मूळव्याधीचेच नसते. मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा कर्करोगही प्रथम असाच प्रकट होतो. लेपाने खाज शमली म्हणून समाधान मानणारा रुग्ण महिने घालवितो. परीक्षणात प्रवेश देण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची दुर्बिणीने तपासणी व्हावी, आणि चाळिशी उलटलेल्या किंवा वजन घटलेल्या रुग्णाबाबत आतड्याची संपूर्ण पाहणी टाळू नये, मग त्यापायी रुग्णसंख्या कितीही घटो.