सहा महिन्यांचा प्रवास, तीस वर्षांची चित्रे

फिरस्त्या फ्रेंच चित्रकारांची यादी केली तर दिवसांच्या हिशेबात युजेन देलाक्रवा फार वर येणार नाही. त्या काळी चित्रकाराने इटलीला जायचे ही रीतच होती, आणि हा गृहस्थ तिकडे कधी फिरकलाच नाही. 1825 मध्ये इंग्लंड पाहिले, 1832 मध्ये मोरोक्को आणि त्याच फेरीत दक्षिण स्पेन व अल्जीअर्स. ही फेरी जेमतेम सहा महिन्यांची. तरीही 1863 मध्ये वारेपर्यंत तो तिच्यावर चित्रे काढत राहिला. याचे श्रेय सहसा तिथल्या झगझगीत उन्हाला आणि पोशाखांना दिले जाते. पण ते ऊन आणि ते पोशाख त्याच्या आधी-नंतर पुष्कळांनी पाहिले. फरक पडला तो त्याच्या टिपणे काढण्याच्या आणि मग ती मुरू देण्याच्या पद्धतीमुळे.

त्याच्या मोरोक्कोतल्या वह्यांच्या पानांवर कुठे कमान, कुठे घोडा, कुठे भिंतीला टेकून बसलेला माणूस, त्यावर जलरंगाचा ओझरता हात आणि मधल्या जागेत घाईघाईने लिहिलेले शब्द दिसतात: कोणत्या कापडाचा रंग कोणता, ऊन कुठून येते. रंगवायला वेळ नसला की तो रंग लिहून ठेवी. टँजिअरमध्ये फेब्रुवारी 1832 मध्ये त्याने एक ज्यू लग्न पाहिले. त्याचे तैलचित्र पॅरिसच्या सलों प्रदर्शनात लागले ते 1841 मध्ये. आफ्रिकेतले बारीकसारीक तपशील विसरल्यावरच आपल्या हातून काही बरे होऊ लागले, असे त्याने 1853 मध्ये दैनंदिनीत नोंदवले आहे. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: पूर्वेकडची विलासी, आळसावलेली दुनिया ही युरोपने रचलेली कल्पना, आणि देलाक्रवा तिचाच चित्रकार. आक्षेपात तथ्य आहे. फ्रान्सने 1830 मध्ये अल्जीअर्स घेतले होते, आणि तो गेला तोही मोरोक्कोच्या सुलतानाची मनधरणी करायला निघालेल्या काउंट द मोर्नेच्या शिष्टमंडळाबरोबर. अल्जीअर्समध्ये तो तर काही दिवसच होता. पण प्रवासापूर्वीचे ‘सार्दानापालसचा मृत्यू’ आणि 1834 चे ‘अल्जीअर्सच्या स्त्रिया’ शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात कत्तल, आक्रोश, विवस्त्र देह. दुसऱ्यात अंगभर कपड्यांतल्या स्त्रिया, एकीच्या हाती हुक्क्याची नळी, आणि लाल-हिरव्याच्या शेजारातून उजळलेली सावली. पुढे चित्रकार पॉल सिन्याकने आपल्या रंगविचाराची वंशावळ देलाक्रवापासूनच मांडली.

त्याहून बोलका पुरावा 1845 च्या सुलतानाच्या चित्रात आहे. मेकनेसच्या तटाबाहेर, छत्रीखाली, घोड्यावर बसलेला सुलतान मुलाय अब्द अर-रहमान. प्रसंग फ्रेंच वकिलातीच्या भेटीचा, आणि आधीच्या रेखाटनांत फ्रेंच पाहुणे होतेही. तयार चित्रात मात्र एकही फ्रेंच माणूस नाही. 1844 मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाल्यावर तो मैत्रीचा देखावा अडचणीचा झाला असेल, हे खरे. पण कारण काहीही असो, चित्रात उरला तो सुलतान आणि त्याचा लवाजमा. सिंहांच्या शिकारीच्या त्याच्या उत्तरायुष्यातल्या चित्रांचा असा बचाव करता येत नाही. तशी शिकार त्याने मोरोक्कोत पाहिली नव्हती. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातले सिंह आणि रुबेन्सची चित्रे यांवर ती उभी आहेत, आणि तिथे टीकाकारांचे म्हणणे मान्य करावेच लागते.