एका ट्रकचा हिशेब

मालक तोच आणि स्टिअरिंगवरही तोच, अशा ट्रकवाल्याला वाटतं, हिशेबवह्या मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांनी ठेवाव्यात. ते अर्धंच खरं. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील, तर प्राप्तिकर अंदाजित उत्पन्नावर भरता येतो: एकूण वजन १२ टनांहून जास्त असलेल्या गाडीसाठी दरमहा टनामागे १,००० रुपये, बाकीच्यांसाठी गाडीमागे ७,५००. म्हणजे २५ टनांच्या ट्रकचं वर्षाचं उत्पन्न तीन लाख धरलं जातं. गाडी गॅरेजमध्ये पडून असली तरीही! प्रत्यक्ष कमाई याहून कमी झाली असं म्हणायचं असेल, तर मात्र वह्या ठेवाव्या लागतात आणि सीएकडून लेखापरीक्षणही करून घ्यावं लागतं.

मंदीच्या वर्षी नेमकी हीच वेळ येते, आणि तेव्हा कागद सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक फेरीची बिल्टी, भाड्याची पावती, डिझेलचं बिल आणि फास्टॅगचा तपशील एकाच पाकिटात ठेवा. पंपावरची छापील पावती काही महिन्यांत कोरी पडते. फोटो त्याच दिवशी काढा. टायर, दुरुस्ती यांचे पैसे शक्यतो बँकेतूनच द्या. ढाब्यावरच्या जेवणाची चिठ्ठी हरवली तर फारसं बिघडत नाही, इंजिनकामाचं बिल हरवलं तर बिघडतं.