पोलिसांचा आवाज कोणाच्या कानी

कॅलिफोर्नियाचे महामार्ग पोलीस आजही ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या जुन्या पट्ट्यात बोलतात. उन्हाळ्यात कधीतरी असे घडते: सिएरा नेवाडाच्या घाटात उभ्या असलेल्या गस्ती गाडीतून अधिकारी एका मोटारीचा क्रमांक नियंत्रण कक्षाला सांगतो आणि तो आवाज दोन हजार किलोमीटरवरच्या कॅन्ससमध्ये कोणाच्या तरी टेबलावरच्या स्कॅनरवर, म्हणजे एकामागून एक वाहिन्या चाचपणाऱ्या रेडिओवर, लख्ख ऐकू येतो. याचे कारण आकाशात आहे. उल्का जळून गेल्या की धातूंचे आयन मागे उरतात. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरचे वारे ते एकवटून त्यांचे पातळ पण दाट थर बनवतात. एरवी अवकाशात निघून गेल्या असत्या अशा लहरी या थरांवर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात. तासा-दोन तासांत थर विरतो आणि आवाजही जातो.

हा जुना पट्टा तिथे टिकला त्याला भूगोल कारणीभूत आहे. ४२ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सात मीटरच्या वर भरते, आणि लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वाकून पलीकडच्या दरीत उतरते. त्यासाठी गाडीवर पावणेदोन मीटरची काठी मिरवावी लागते. ८०० मेगाहर्ट्झच्या वायरलेसला बोटभर अँटेना पुरते, मात्र डोंगराआड तो मुका होतो आणि टेकडी-टेकडीवर मनोरे उभारावे लागतात. अमेरिकेतल्या अनेक राज्य पोलिसांनी हा दुसरा, खर्चिक मार्ग धरला.

कॅन्ससच्या त्या श्रोत्याने कोणताही कायदा मोडलेला नसतो. सर्वांना सहज पकडता येतील असे, कूटबद्ध न केलेले पोलिसांचे संदेश ऐकण्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याने १९८६ साली स्पष्ट मोकळीक दिली. काही राज्ये गाडीत स्कॅनर बाळगू देत नाहीत आणि ऐकलेल्याचा गुन्ह्यासाठी वापर केला तर शिक्षा आहे. घरात बसून ऐकणे मात्र खुले आहे. आपल्या वाचकांनी इथे सावध राहावे. भारतात १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणेच बेकायदा ठरत आले, आणि दुसऱ्याचा संदेश अधिकाराशिवाय टिपणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही गुन्हाच आहे. हौशी रेडिओचा परवाना असला तरी पोलिसांचे वायरलेस ऐकण्याची मुभा मिळत नाही.

अमेरिकेत हा खुलेपणा कोणी ठरवून दिलेला नव्हता, तो यंत्राच्या स्वभावातून आला. डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांना नियमितपणे संदेश पाठवायला सुरुवात केली. १९३० मध्ये मिशिगन राज्य पोलिसांनी ईस्ट लान्सिंगला स्वतःचे प्रक्षेपण केंद्र उभारले. दोन्ही सेवा एकतर्फी होत्या. गस्तीवरच्या शिपायाला ऐकू येई, उत्तर द्यायचे तर वाटेत टेलिफोन शोधावा लागे. पोलिसांना मिळालेल्या वारंवारता करमणुकीच्या मध्यम लहरींच्या पट्ट्याला अगदी लागून होत्या, त्यामुळे घरच्या रेडिओची खुंटी टोकापर्यंत फिरवली की पोलीस ऐकू येत. त्या काळातल्या कितीतरी अमेरिकी रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलीस’ अशी खूणच छापलेली असे. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार वीजी तर तीसच्या दशकाच्या अखेरीस गाडीत पोलिसांचा रेडिओ घेऊन रात्रभर हिंडे आणि गुन्ह्याच्या जागी वेळेत पोहोचे. शहराच्या रात्रीचा जो दस्तऐवज त्याने मागे ठेवला, तो या ऐकण्यामुळेच शक्य झाला.

खरी क्रांती १९४० मध्ये कनेक्टिकट राज्य पोलिसांकडे झाली. डॅनियल नोबल या प्राध्यापकाने एडविन आर्मस्ट्राँगचे एफएम तंत्र वापरून राज्यभर दुतर्फा संभाषणाची व्यवस्था बसवली. तोवरच्या एएम संदेशात मोटारीच्या इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर थेट मिसळायची, कारण त्या ठिणग्या लहरीची उंची बदलतात आणि एएमचा आवाज त्या उंचीतच साठवलेला असतो. एफएममध्ये आवाज वारंवारतेच्या बदलात असतो, त्यामुळे ग्राहक यंत्र उंचीतले चढउतार छाटून टाकू शकते. शिवाय दोन केंद्रे एकाच वेळी बोलली, तर एफएम ग्राहक जोरकस संदेश पकडतो आणि दुबळा दाबून टाकतो. पोलिसांच्या कामाला हे फार मोलाचे ठरले.

पोलिसांच्या बोलीवरही यंत्राचा ठसा आहे. अमेरिकी चित्रपटांतून जगभर पोहोचलेले ‘टेन-फोर’ इलिनॉय राज्य पोलिसांच्या चार्ल्स हॉपर यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या संकेतमालेतले. प्रत्येक संकेताआधी ‘टेन’ का? त्या काळच्या गाडीत बटण दाबल्यावर प्रक्षेपकाच्या नळ्यांना वीज पुरवणारे छोटे मोटर-जनित्र वेग घ्यायला क्षणभर लावी. तेवढ्यात उच्चारलेला पहिला शब्द हरवे. म्हणून पहिला शब्द असा ठेवला, की तो गेला तरी चालेल. ती जनित्रे भंगारात जाऊन किती दशके झाली, ‘टेन’ अजून तोंडात आहे.

स्कॅनरकडे वळू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे स्कॅनर क्रिस्टलवर चालत. प्रत्येक वाहिनीसाठी त्या वारंवारतेला कापलेला क्वार्ट्‌झचा वेगळा तुकडा विकत घ्यायचा आणि यंत्रात खोचायचा. आठ तुकडे, आठ वाहिन्या. पुढे एकाच क्रिस्टलवरून हवी ती वारंवारता घडवणारी मंडले आली, आकडे टंकता येऊ लागले, आणि आजचा स्कॅनर सेकंदाला शंभराच्या आसपास वाहिन्या चाचपतो. इतक्या घाईत रिकामी वाहिनी त्याला कशी ओळखू येते? एफएम ग्राहकाला संदेश मिळाला नाही की तो जोराचा फुसफुसाट करतो. या फुसफुसाटात मानवी आवाजाच्या पट्ट्यापलीकडचे उंच स्वर भरपूर असतात. स्कॅनरमधले ‘स्क्वेल्च’ मंडल फक्त त्या उंच स्वरांवर लक्ष ठेवते. ते आहेत तोवर भोंगा बंद, ते दबले म्हणजे कोणीतरी बोलत आहे. शांततेत खरखर असते आणि आवाज आला की ती थांबते, या उलट्या वाटणाऱ्या गुणावर सगळे स्कॅनिंग उभे आहे.

नव्वदच्या दशकात ट्रंकिंग पसरले आणि जुन्या स्कॅनरांची पंचाईत झाली. पूर्वी एका तुकडीला एक वाहिनी बांधून दिलेली असे आणि ती बहुतेक वेळ रिकामी पडून राही. ट्रंकिंगमध्ये वाहिन्या सामाईक असतात. बँकेत टोकन घेतल्यावर जी खिडकी मोकळी होईल तिथे आपला नंबर लागतो, तसे शिपायाने बटण दाबताच मध्यवर्ती संगणक त्याच्या गटाला मोकळी वाहिनी देतो आणि वाक्य संपताच ती काढून घेतो. प्रश्न एका वाहिनीवर, उत्तर तिसऱ्याच. संगणकाच्या या सूचना नियंत्रण वाहिनीवरून अखंड वाहत असतात. त्या वाचून संभाषणामागे धावणारे स्कॅनर १९९७ च्या सुमारास बाजारात आले.

पाठोपाठ आवाजही आकड्यांत गेला. अमेरिकी पोलिसांच्या ‘पी-२५’ या मानकात दर २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे वर्णन फक्त ८८ बिटांत बसवतात. स्वराची पट्टी काय, कुठला भाग कंठातून आला, कुठला नुसत्या श्वासाचा, कोणत्या पट्ट्यात किती जोर, एवढेच पाठवायचे. पलीकडचे यंत्र त्या वर्णनावरून आवाज नव्याने घडवते. म्हणून डिजिटल पोलीस थोडे धातूच्या नळीतून बोलल्यासारखे वाटतात. २०१२ मध्ये हौशी तंत्रज्ञांना आढळले, की संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी विकली जाणारी स्वस्त यूएसबी कांडी लहरींचे कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते. पुढचे सगळे काम सॉफ्टवेअर करते, ट्रंकिंग आणि पी-२५ उलगडण्यासकट.

एन्क्रिप्शनपुढे मात्र हे सगळे थांबते. बिटांत गेलेला आवाज २५६ बिटांच्या किल्लीने बंद करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, आणि ती किल्ली कोणत्याही हौशी यंत्राला सापडणार नाही. पण किल्ली माणसांनी वापरायची असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मॅट ब्लेझ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की संघीय तपास यंत्रणांचे अधिकारी गुप्त आहे असे समजून कितीतरी संवेदनशील गोष्टी उघड्या लहरींवर बोलत होते. वायरलेसवरची एन्क्रिप्शनची कळ चालू आहे की बंद, हे त्यांना कळतच नव्हते. अभ्यासकांनी आणखी एक दुबळी जागा दाखवली. १७२८ बिटांच्या ध्वनिचौकटीत ६४ बिटांचा ओळखीचा तुकडा असतो. तेवढा बिघडवला की सगळी चौकट वाया जाते. मुलांच्या एका निरोप-खेळण्यात थोडे फेरफार करून त्यांनी ते करून दाखवले.

डेन्व्हरने २०१९ मध्ये पोलिसांचे संभाषण लोकांसाठी बंद केले. शिकागोत आता ते अर्ध्या तासाच्या उशिराने ऐकवले जाते. न्यूयॉर्कनेही २०२३ पासून संभाषण कूटबद्ध करायला सुरुवात केली. त्यामागची कारणे पोकळ नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या हल्लेखोरांचा शोध चालू असताना हजारो लोक स्कॅनर ऐकून पोलीस कोणत्या घरापाशी आहेत हे समाजमाध्यमांवर टाकत होते. ते थांबवा, असे पोलिसांना जाहीरपणे सांगावे लागले. त्याच रात्री ‘स्कॅनरवर ऐकले’ म्हणून एका बेपत्ता, निर्दोष, भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचे नाव संशयित म्हणून पसरले. स्कॅनरवर ते नाव उच्चारलेच गेले नव्हते. त्याच्या घरच्यांनी जे भोगले त्याला भरपाई नाही.

तरीही सगळेच बंद करणे मला चूक वाटते. पोलीस किती वाजता निघाले, मदत कोणी मागितली, कोणी नाकारली, हे पोलिसांखेरीज इतरांनाही माहीत असणे गरजेचे आहे. मुंबईत २६/११ नंतर विनिता कामटे यांनी नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी माहिती अधिकारात मिळवल्या, आणि त्या रात्री त्यांचे पती, पोलीस अधिकारी अशोक कामटे यांचे शेवटचे तास कसे गेले हे त्यांवरून उलगडून ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात मांडले. अशा नोंदी मागून मिळवायला चिकाटी लागते आणि वेळ जातो. अर्धा तास उशिराचा आवाजही वणव्याच्या वाटेवरच्या गावाला किंवा घटनास्थळी धावणाऱ्या वार्ताहराला निरुपयोगी आहे.

मधली वाट कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराने काढली. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय विभागाने नागरिकांची खासगी माहिती लहरींवरून उघडी पडू देऊ नका, असे सर्व पोलीस दलांना बजावले. पुढच्या जानेवारीत पालो आल्टोने सरसकट एन्क्रिप्शन लावले. वर्तमानपत्रांनी आणि नागरिकांनी पाठपुरावा केला, नवा पोलीसप्रमुख आला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये वाहिनी पुन्हा उघडली. आता तिथला अधिकारी घटना, ठिकाण, मदतीची मागणी सगळ्यांना ऐकू येईल असे सांगतो. एखाद्याचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख तपासायची वेळ आली, की तेवढ्यापुरता तो फोन उचलतो किंवा गाडीतला संगणक उघडतो.