विनाशिका ‘शिरोक्को’

दुसऱ्या महायुद्धातील मोठमोठ्या युद्धनौकांची नावे आपल्या कानांवरून गेलेली असतात. पण त्यांच्या पुढेमागे धावणाऱ्या विनाशिकांची आठवण सहसा कोणी काढत नाही. अशाच एका इटालियन विनाशिकेची ही हकिकत. ‘माएस्त्राले’, ‘ग्रेकाले’, ‘लिबेच्चो’ आणि ‘शिरोक्को’ ही भूमध्य समुद्रावरील चार वाऱ्यांची नावे. तीच या वर्गातील चार विनाशिकांना दिली होती. शिरोक्को म्हणजे आफ्रिकेकडून येणारा आग्नेय वारा.

1934 साली पाण्यात सोडलेल्या या बोटीची लांबी सुमारे 106 मीटर आणि रुंदी जेमतेम 10 मीटर. एवढ्या सडपातळ बोटीत 44,000 अश्वशक्तीची यंत्रे बसवून ताशी 38 नॉट, म्हणजे सुमारे 70 किलोमीटर, वेग साधायचा होता. फ्रेंच आरमाराशी चुरस होती ना! ठरल्यापेक्षा जास्त वेग दाखविणाऱ्या कारखान्यांना त्या काळी इटलीत बक्षीस मिळे. मग चाचणीच्या दिवशी बोट हलकी करून पळविली जाई. युद्धात पूर्ण भार घेतल्यावर तो वेग कोठून मिळणार?

तोफा चार, 120 मिलिमीटरच्या. दोन पुढे, दोन मागे. जोडीतील दोन्ही नळ्या एकाच बैठकीत अगदी जवळ बसविल्याने वजन वाचले, पण एकदम डागलेले गोळे फाकत. नळ्या फार उंच उचलता येत नसल्याने डोक्यावरच्या विमानापुढे त्यांचा उपयोग नव्हता. विनाशिकेचे खरे हत्यार टॉर्पेडो. 533 मिलिमीटरच्या तीन-तीन नळ्यांचे दोन संच मध्यभागी होते. ते डावीउजवीकडे फिरत. सर्व बॉयलरांचा धूर एकाच धुरांड्यातून काढल्यामुळे माथ्यावर जागा मोकळी राहिली.

मात्र हे सारे वजन वरच्या अंगाला! उसाची गाडी वर जड झाली की वळणावर कलते, हे शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या वडिलांनाही ठाऊक आहे. याआधीच्या इटालियन विनाशिका इतक्या डोईजड निघाल्या होत्या, की त्यांच्या तळाशी कायमचे वजन टाकावे लागले आणि रिकाम्या तेलटाक्यांत समुद्राचे पाणी भरावे लागे. ‘शिरोक्को’चा वर्ग मोठ्या आकाराचा केला, तो यासाठीच. तरीही दोष पुरता गेला नाही.

22 मार्च 1942 रोजी माल्टाकडे निघालेला ब्रिटिश तांडा अडविण्यासाठी इटालियन आरमार सिर्तच्या आखाताकडे गेले. त्या दिवशी आग्नेय वारा सुटला होता, म्हणजे शिरोक्कोच. रात्री परतताना वादळ वाढले. दुसऱ्या दिवशी ‘शिरोक्को’ आणि तिच्याच घडणीवरून पुढे बांधलेली ‘लान्चेरे’ अशा दोन विनाशिका लाटांनी बुडविल्या. ‘शिरोक्को’वरील माणसांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली.