झिंगे तीन मिनिटांचे, काळजी मात्र आधीची

लसूण-झिंगा पास्ता हा पदार्थ आता मोठ्या शहरांतल्या हॉटेलांपुरता राहिलेला नाही. पास्त्याचे पुडे तालुक्याच्या किराणा दुकानातही दिसतात, कृती मोबाइलवर सापडते आणि लसूण तर प्रत्येक घरात असतो. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात एखाद्या मुलीने किंवा सुनेने रात्रीच्या जेवणाला हा बेत करायचा ठरवला, तर त्यात अशक्य असे काही नाही. ‘वीस मिनिटांत तयार’ हा कृतीतला दावाही बहुतांशी खरा आहे. झिंगे कढईत तीन-चार मिनिटांत शिजतात. त्यापेक्षा जास्त वेळ ठेवले तर उलट बिघडतात.

घाई करायची ती एवढ्या तीन-चार मिनिटांतच. झिंगे पाण्यातून निघाल्यापासून कढईत पडेपर्यंतच्या तासांत घाई किंवा हयगय झाली, तर झटपट जेवण महागात पडू शकते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भागात हे जास्तच लागू पडते.

समुद्र दूर, धरण जवळ

हिंगोलीला समुद्र नाही, पण पाणी आहे. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत, पैनगंगेवर इसापूर धरण आहे. या दोन्ही नद्या गोदावरीच्या खोऱ्यातल्या. या खोऱ्यात गोड्या पाण्यातले झिंगे पूर्वीपासून मिळतात. त्यात दोन तऱ्हा आहेत. लहान झिंग्यांच्या काही जाती गोड्या पाण्यातच अंडी घालून तिथेच वाढतात. मोठ्या झिंग्यांच्या पिल्लांना मात्र सुरुवातीचे काही आठवडे खाडीचे मचूळ पाणी लागते. वाटेत धरण आले की त्यांचे जाणे-येणे थांबते. म्हणून धरणाच्या वरच्या पाण्यात मोठे झिंगे हवे असतील, तर बीज उबवणी केंद्रातून आणून सोडावे लागते.

गोड्या पाण्यातल्या झिंग्याची एक खोड स्वयंपाक करणाऱ्याने लक्षात ठेवावी. त्याच्या डोक्यात पचनाचे काम करणारा एक अवयव असतो. झिंगा मेल्यावर त्यातले पाचक रस बाहेर पडतात आणि त्याचेच मांस आतून पचवू लागतात. काही तासांत मांस मऊ, पिठूळ होते. मग कितीही चांगल्या कृतीने शिजवा, दाताखाली तो करकरीत लागत नाही. उपाय सोपा आहे. झिंगे आणल्याबरोबर डोकी काढा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि बर्फात ठेवा. ‘रात्री करायचे आहेत, तेव्हाच साफ करू’ हा विचार इथे नडतो.

बाजारात गोठवलेली समुद्री कोळंबीही मिळते. ती घेताना पुड्याच्या आत बर्फाचे मोठे खडे साचले असतील, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता असते. असा पुडा घेऊ नये. घरी आणलेली कोळंबी ओट्यावर तासन्‌तास ठेवून वितळवू नये. घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून गार पाण्यात ठेवली, तर अर्ध्या-पाऊण तासात ती मोकळी होते.

बर्फाला पर्याय नाही

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. अनुकूल उबेत त्यांतले काही वीस मिनिटांत दुप्पट होतात. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात घरातले तापमान त्यांच्या सोयीचेच असते. म्हणून झिंगे आणि बर्फ समान वजनाचे घ्यावेत, वितळलेले पाणी खाली निथळेल अशी सोय करावी. फ्रिजमध्ये ठेवायचे तर ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावेत आणि एक-दोन दिवसांत संपवावेत.

वीज गेली तर काय? फ्रिजचे दार बंद ठेवले तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो. गच्च भरलेल्या डीप फ्रीझरमध्ये तो साधारण ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४ तास टिकतो. चार तासांहून जास्त वीज नव्हती आणि झिंगे फ्रिजच्या साध्या कप्प्यात होते, तर वास घेऊन निर्णय करू नये, ते सरळ टाकून द्यावेत. आजारी पाडणारे सगळेच जंतू वास सोडत नाहीत.

हळद, मीठ आणि लिंबू लावून ठेवण्याची आपली पद्धत चांगली आहे. त्याने हिवस वास कमी होतो, चव मुरते. वसमतच्या बाजारातली उत्तम हळद घरात असणाऱ्या जिल्ह्याला तिचे गुण सांगायला नकोत. पण हळद बर्फाचे काम करत नाही. हळद लावलेले झिंगेही थंडच ठेवावे लागतात.

साफ करताना पाठीवर हलका छेद देऊन काळा दोरा काढावा. ही झिंग्याची आतडी असते. शिजल्यावर ती सहसा अपायकारक नसते, पण त्यातली माती दाताखाली येते. कच्चे झिंगे ज्या पाटावर, ज्या सुरीने साफ केले, त्यावरच कोथिंबीर चिरू नये. कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणे हा जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांपैकी एक आहे, आणि घरोघरी सर्वांत जास्त मोडला जाणाराही बहुधा हाच.

लसूण कुटा, मग थांबा

अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. लसणातला ‘अ‍ॅलिन’ हा घटक आणि ‘अ‍ॅलिनेज’ हे विकर पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि ‘अ‍ॅलिसिन’ तयार होते. लसणाचा तिखट, झणझणीत वास त्याचाच. १९४४ मध्ये चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या अमेरिकी संशोधकांनी ते वेगळे करून दाखवले. उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणून पाकळ्या ठेचून लगेच तेलात टाकण्यापेक्षा दहा मिनिटे तशाच ठेवाव्यात. निम्मा लसूण तेलात परतावा आणि निम्मा गॅस बंद केल्यावर मिसळावा, म्हणजे गोडसर आणि झणझणीत अशा दोन्ही चवी मिळतात. मात्र लसूण खाल्ला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये. जेवणातला लसूण हे अन्न आहे, औषध नव्हे.

लसणात साखरेच्या जातीचे घटक बरेच असतात, त्यामुळे तो लवकर करपतो आणि कडू होतो. तेल मंद आचेवर गरम करावे आणि लसूण फिकट सोनेरी झाला की थांबावे. ऑलिव्ह तेलाचा आग्रह नको. शेंगदाणा किंवा करडईचे तेल चालते. करडई तर मराठवाड्याचेच पीक आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण इथल्या शेतकऱ्यांना परिचित आहे.

एक इशारा महत्त्वाचा. वेळ वाचवण्यासाठी लसूण ठेचून तेलात बुडवून बरणी भरून ठेवण्याची युक्ती सांगितली जाते. ती बरणी बाहेर ठेवू नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसणाला मातीतून आलेले बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि हवा नसलेल्या जागी ते विष तयार करतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे अशा तेलातल्या लसणामुळे एका उपाहारगृहात जेवलेल्या ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. या विषाला वास किंवा चव नसते. तेलातला लसूण ताजाच करावा, उरला तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा.

पास्ता परका, बन्सी गहू आपला

चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून होतो. याच जातीच्या गव्हाला आपण बन्सी म्हणतो. शेवयांना आणि रव्याला तो चांगला, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस ४०२८ या बन्सी वाणात सुमारे १४.७ टक्के प्रथिने आहेत. पीठ मळून, आकार देऊन, वाळवून ठेवायचे आणि लागेल तेव्हा उकळायचे, ही पास्त्याची पद्धतही आपल्याला नवी नाही. सरगुंडे, बोटवे, मालत्या, नखुल्या, गव्हले ही सगळी त्याच कुळातली. पास्ता मिळाला नाही तर बन्सीच्या जाड शेवया घ्याव्यात. त्या लवकर शिजतात, एवढे लक्षात ठेवावे.

बन्सी गव्हातल्या प्रथिनांची जाळी पिष्ठाला धरून ठेवते. त्यामुळे किंचित कडक शिजवलेला पास्ता हळू पचतो आणि पांढऱ्या पावापेक्षा रक्तातली साखर सावकाश वाढवतो. गिचका होईपर्यंत शिजवला तर हा फायदा कमी होतो. मधुमेह असणाऱ्यांनी तरीही प्रमाण पाळावे. ७५ ग्रॅम कोरड्या पास्त्यात सुमारे ५५ ग्रॅम कर्बोदके असतात. सोबत काकडी, टोमॅटो किंवा एखादी पालेभाजी असावी.

आता कढई

चौघांसाठी ३०० ग्रॅम पास्ता, साफ केलेले ४०० ग्रॅम झिंगे, पंधरा पाकळ्या लसूण, चार मोठे चमचे तेल, दोन सुक्या मिरच्या, एक लिंबू आणि मूठभर कोथिंबीर पुरते. डोके-कवचासकट झिंगे आणत असाल, तर निदान दुप्पट वजनाचे आणावेत.

तीन लिटर पाण्याला उकळी आणावी. इटालियन कृतीत लिटरला दहा ग्रॅम मीठ सांगतात, पण त्याच्या निम्मेही पुरते. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पास्ता पुड्यावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढावा आणि वाटीभर पाणी बाजूला ठेवावे. त्यात उतरलेले पिष्ठ तेल आणि पाणी एकजीव करते, म्हणून साय न घालताही रस दाट होतो.

पास्ता उकळत असतानाच दुसऱ्या शेगडीवर मंद आचेवर तेलात लसूण आणि मिरची परतावी. लसूण सोनेरी होताच तो बाजूला काढावा, आच वाढवावी आणि कोरडे पुसलेले झिंगे एका थरात पसरावेत. ओले झिंगे परतले जात नाहीत, वाफेवर उकडतात. एका बाजूने दीड मिनिट, दुसऱ्या बाजूने दीड मिनिट, मोठे असतील तर थोडे अधिक. रंग बदलतो तो झिंग्यातल्या नारिंगी रंगद्रव्यामुळे. कच्च्या झिंग्यात ते एका प्रथिनात अडकून दडलेले असते आणि उष्णतेने सुटे होते. पण केवळ रंग पाहून उतरवू नये. सर्वांत जाड भाग कापून पाहावा. आतले मांस काचेसारखे पारदर्शक न राहता पांढरे आणि घट्ट झाले, म्हणजे झिंगा शिजला. तापमापी असेल तर आतले तापमान ६३ अंश सेल्सिअस हवे. झिंगा अर्धगोलासारखा वळला की बरोबर, पूर्ण गोल आवळला की जास्त झाला. तेव्हा त्याच्या प्रथिनांनी पाणी बाहेर टाकलेले असते आणि तो रबरासारखा लागतो.

मग पास्ता, बाजूला ठेवलेले पाणी आणि परतलेला लसूण घालून अर्धा मिनिट हलवावे. गॅस बंद करून उरलेला लसूण, लिंबू आणि कोथिंबीर मिसळावी. उरलेले जेवण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे.

कोणी खावे, कोणी टाळावे

या ताटातून माणशी सुमारे २८ ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे निम्मी गरज एका जेवणात भागते. कोलेस्टेरॉलची भीती मात्र थोडी सैल करता येईल. झिंग्यांत कोलेस्टेरॉल भरपूर असले, तरी संपृक्त चरबी फार कमी असते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज ३०० ग्रॅम कोळंबी खाणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ७ टक्क्यांनी वाढले, पण चांगले सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. अभ्यासातली माणसे निरोगी होती, हे विसरू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

ज्यांना झिंग्यांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी ते पूर्ण टाळावेत. अ‍ॅलर्जी आणणारे ‘ट्रोपोमायोसिन’ हे प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही, त्यामुळे ‘चांगले शिजवले आहे, थोडे खा’ हा आग्रह धोक्याचा आहे. एकाच कढईतला नुसता पास्ता वेगळा वाढणेही पुरेसे नाही. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आयुष्यात पहिल्यांदाच झिंगे खाणाऱ्याला आधी एखादाच द्यावा आणि तोही दवाखाना गाठता येईल अशा वेळी.

आणि ज्या दिवशी बर्फ मिळाला नाही, वीज बेभरवशाची आहे, झिंगे सकाळपासून टोपलीतच आहेत, त्या दिवशी हा बेत पुढे ढकलावा. आठवडी बाजारातली कोरडी, बुरशी न धरलेली सुकट घरात असेल तर ती स्वच्छ धुवून, भाजून, त्याच लसूण-तेलात परतून शेवयांत किंवा पास्त्यात घालता येते. मीठ लावून वाळवलेली असेल तर वरून मीठ घालू नये, आणि अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना सुकटही चालत नाही. गारवा टिकवण्याची सोय नव्हती तेव्हा वाळवणे हाच त्यावरचा उपाय होता, आणि घाईच्या संध्याकाळी तो आजही उपयोगी पडतो.